करडीचे तास

१९८७ च्या मार्गशीर्षात मी दोन मधपेट्यांना गोणपाट गुंडाळलं. त्याभोवती कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्या, सुतळीनं आवळल्या, माशांना जायला-यायला बोटभर फट ठेवली. बांधावरनं शेजारी बघत होता. म्हणाला, "गुरजी, माशांला बी हीव भरतंय का?" मी त्याला पुस्तिका दाखवली. पोस्टानं मागवलेली, कुठल्यातरी इंग्रजी पुस्तकावरनं बेतलेली. हिवाळ्यात वसाहत कशी जगवावी यावर तीत पानंच्या पानं होती आणि पावसाळ्यावर एक परिच्छेद. शेजाऱ्यानं ती उलटीपालटी करून बघितली, परत दिली आणि बिडी पेटवली.

माशा त्या थंडीतनं सुखरूप निघाल्या. खरं तर त्यांना काही झालंच नसतं. उलट दुपारी ऊन तापलं की गोणपाटाच्या आत उकडायचं आणि वीस-पंचवीस जणी दारात उभ्या राहून पंखांनी वारा घालायच्या. संक्रांतीला मी ते सगळं सोडलं, कडबा बैलांपुढं टाकला आणि आपण माशा जगवल्या या समाधानात उन्हाळा काढला. पुढच्या पोळ्याला बैल रंगवून झाले, पुरण झालं, दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तर आत एक माशी नाही. मेलेल्या माशांचा खच असता तर रोग म्हटलं असतं. तसंही नाही. चौकटी कोरड्या ठाक, कोपऱ्यात मेणकिड्यानं जाळं धरलेलं, तळाला मुंगळ्यांची रांग. दुसऱ्या पेटीत तेच. बिऱ्हाड उठून गेलं होतं. आणि चहूकडं शेत हिरवंगार! हिरव्याला मध नसतो, फुलाला असतो, एवढं कळायला मास्तराच्या दोन पेट्या गेल्या.

ठाणाकुशनूर हे आमचं गाव बिदर जिल्ह्यात, जुन्या औराद तालुक्यात. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी. वडलांची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूत झाली; १ नोव्हेंबर १९५६ ला बिदर म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा मी रांगत होतो. माशीलाही आमच्याकडं तीन भाषांत नावं आहेत. उंच फांदीला नाहीतर पुलाच्या कमानीला एकच थोरलं पोळं लावते ती आग्या, कन्नडमध्ये हेज्जेनु. बोरी-बाभळीच्या झुडपात तळहाताएवढं पोळं करते ती फुलोरी. भिंतीच्या पोकळीत किंवा झाडाच्या ढोलीत, अंधारात, शेजारीशेजारी सात थर लावते ती सातेरी, कन्नडमधली तुडुवे. दखनी बोलणारा यातल्या कशालाही मुहाल म्हणून मोकळा होतो. पेटीत राहते ती सातेरी. माझ्या दोन्ही वसाहती मी शेजारच्या गावातल्या एका पडक्या वाड्याच्या भिंतीतनं काढून आणलेल्या होत्या. त्या वाड्यात त्या किती पावसाळे राहिल्या असतील कोण जाणे. माझ्याकडं एक निघाला नाही.

पुस्तिकेत लिहिलेलं सगळं खरं होतं, पण जिथलं तिथं. युरोपात पूर्वी माशा गवताच्या वेण्यांच्या उपड्या टोपलीत पाळत. शरद सरत आला की मधपाळ एकेक टोपली हातानं उचलून वजनाचा अंदाज घेई. सगळ्यात हलकी टोपली हिवाळा काढणार नाही, म्हणून ती मारायची. सगळ्यात जड टोपलीत मध भरपूर, म्हणून तीही मारायची. जमिनीत खड्डा करायचा, त्यात गंधकाची पेटती वात ठेवायची आणि वर टोपली. मधल्या वजनाच्या तेवढ्या पुढच्या वर्षासाठी राखायच्या. कष्ट करणाऱ्याला शिक्षा, न करणाऱ्यालाही शिक्षा, आणि मध्येच राहणाऱ्याला बढती. सरकारी शाळेत जन्म काढलेल्या माणसाला हे फार परकं वाटत नाही.

ही मारामारी थांबली ती अमेरिकेतल्या एका पाद्र्यामुळं. लँगस्ट्रॉथ त्याचं नाव, गाव फिलाडेल्फिया. १८५१ मध्ये त्याच्या लक्षात आलं की दोन पोळ्यांमध्ये किंवा पोळं आणि भिंत यांच्यामध्ये साधारण पाव ते तीन-अष्टमांश इंच फट राहिली तर माशा ती मोकळी ठेवतात. फट मोठी झाली की तिथं नवं पोळं बांधतात, लहान झाली की राळेसारख्या चिकट्यानं बुजवून टाकतात. एवढ्या एका मापावर हलत्या चौकटींची पेटी उभी राहिली. पुढं १८५७ मध्ये जर्मनीत मेहरिंगनं मेणाचा ठसेदार पत्रा काढला, १८६५ मध्ये ऱ्हुश्का नावाच्या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्यानं चौकट गरगर फिरवून मध काढायचं यंत्र दाखवलं. आता माशा न मारता, पोळं न मोडता मध काढता येऊ लागला. आणि मग नवाच प्रश्न आला: काढायचा किती, ठेवायचा किती?

तिकडं उत्तर थंडी देते. बाहेर बर्फ पडलं की माशा पेटीत एकमेकींना चिकटून गोळा करतात. पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवतात आणि ऊब तयार करतात. आत अंडी-अळ्या असतील तर गोळ्याच्या पोटात ३३ ते ३५ अंश, नसतील तर वीसेक अंशांच्या वर. बाहेरच्या थरात दहाच्या आसपास. बाहेरच्या आत जातात, आतल्या बाहेर येतात. मध हे त्यांचं सरपण. उन्हाळ्यात जन्मलेली कामकरी माशी पाच-सहा आठवड्यांत मरते. शरदात जन्मलेली तीच जात चार-सहा महिने जगून वसंत बघते. थंड देशांत एका वसाहतीला वीस-तीस किलो मध हिवाळ्यासाठी सोडावा लागतो. तेवढा मध माझ्या सातेरीनं तीन वर्षांतही साठवला नसता.

आमच्याकडं थंडी पडत नाही असं नाही. कर्नाटकातल्या थंडीची बातमी आली की त्यात बिदरचं नाव ठरलेलं. पौषात सकाळी पारा दहाच्या खाली जातो, माणसं नऊपर्यंत शेकोटीभोवती असतात आणि पेटीच्या दारातही तोवर कुणी दिसत नाही. पण नऊनंतर बघा. थंडी हाच आमच्या माशीचा सुगीचा काळ. दसऱ्याच्या मागंपुढं कारळं पिवळं होतं. त्याच्या मागं तूर. शाळूच्या कणसावर सकाळच्या दवात पराग येतो, तो गोळा करायला फुलोरी आणि सातेरी ऊन चढताच धावतात. पौषात करडी फुलते. फाल्गुनात पळस, मग करंज, कडुनिंब, आणि उन्हाळा सरता सरता चिंच. मिरग लागला की खेळ संपला. आषाढ, श्रावण आणि अर्धा भाद्रपद, तीळ फुलेपर्यंत, हे अडीच महिने रानात सगळं वाढत असतं आणि फुलत काही नसतं. वर पावसाची झड. माशी बाहेर पडत नाही, पडली तर रिकामी परत येते. आमच्या माशीचा हिवाळा तो. आणि तिकडची माशी हिवाळ्यात घर धरून बसते, आमची सातेरी मात्र भुकेला घर सोडते. आग्या तर शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या फुलोऱ्याला निघून जाते आणि पुढच्या हंगामात त्याच झाडावर येते.

आजोबांच्या वेळी पेटी कुणी बघितलेली नव्हती. मध म्हणजे आग्याचा, आणि तो आणणारा मोहोळ झाडणारा. आमच्या भागात असा एक म्हातारा होता. मी त्याला येळवशीच्या रात्री एकदा जवळनं बघितलंय, दहा-अकरा वर्षांचा असेन.

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, आमच्या लातूर-बिदर-कलबुर्गीकडचा सण. कन्नडमध्ये एळ्ळ अमावास्या; एळ्ळु म्हणजे तीळ. मार्गशीर्ष सरतो त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव मांडून पूजायचे, मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलीचं मडकं. येईल त्याला बोलावून जेवू घालायचं. त्या दिवशी आमच्या शेताकडंच्या वडावर मोहोळ होतं आणि रात्री म्हातारा आला. अमावास्येला पोळं मधानं भरतं, असं सगळेच म्हणायचे. अमावास्येलाच येण्याचं खरं कारण मला फार पुढं कळलं. अर्ध्याहून मोठा चंद्र असला तर आग्या रात्रीही उडते, चावायलाही आणि चरायलाही. मिट्ट काळोखात ती फक्त ठिणगीच्या मागं जाते. म्हाताऱ्यानं पाल्याची जुडी पेटवून पोळ्यावर आपटली, ठिणग्यांचा पाऊस खाली आला आणि त्याच्यामागं माशांचा लोट, पाण्यासारखा आवाज करत. मग त्यानं विळा काढला आणि फांदीला लागून असलेला मधाचा जाड भाग तेवढा कापला. त्याला कांदा म्हणतात. खालचा अळ्या-अंड्यांचा पडदा तसाच लोंबत ठेवला. बाकीचे लोक सगळं पोळं ओरबाडून आणत, अळ्यांसकट फडक्यात पिळत, आणि तो गढूळ मध दोन महिन्यांत आंबे. म्हाताऱ्याला आजोबांनी विचारलं, "खालचं का सोडलंस?" तो म्हणाला, "मालक, लेकरं ठिवली की आय परत येती." पंधरा-वीस दिवसांनी त्यानं त्याच पोळ्याचा कांदा पुन्हा कापून नेला. पुढं कित्येक वर्षांनी वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं विदर्भातल्या मध गोळा करणाऱ्यांना हीच रीत शिकवल्याचं मी वाचलं, तेव्हा तो विळा आठवला.

मेण तो आजीला देई. आजी ते पाण्यात उकळून फडक्यातनं गाळायची. थोडं तिच्या लाकडी डबीत जाई. अंघोळ झाली की करंगळीनं मेणाचा ठिपका कपाळावर, त्यावर कोरडं कुंकू. मेण नसेल तर कुंकू धरत नाही. उरलेलं बिदरला विकलं जाई. बिदरीच्या जुन्या कारागिरांना साच्याला मेण लागे. चिकटायच्या टिकल्या आल्या आणि डबी देवघराच्या मागं गेली.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ती करडी.

आजोबा शाळू पेरताना आठ तासांमागं, म्हणजे ओळींमागं, दोन तास करडीचे सोडत. गाडीवाटेला लागून तर पुरते चार तास. कारण बैल. आमचा मुलूख देवणी जनावरांचा. वाटेनं जाणारा बैल तोंड घालतो, शेळ्या घुसतात. करडीला फूल यायच्या सुमारास असा काटा येतो की जनावर लांबनंच वळसा घेतं. लहानपणी कोवळ्या पानांची भाजी खायची आणि मोठी झाली की तिच्यापासनं पाय वाचवायचे. काढणी पहाटे. दवानं काटा मऊ असतो तेवढ्यात, हाताला फडकं गुंडाळून, बाया ओळीनं पुढं सरकत. ऊन चढलं की थांबायचं. बी घाण्यावर जाई आणि वर्षाचं तेल घरी येई. म्हणजे कुंपण, भाजी आणि तेल. या तिन्ही गोष्टींसाठी करडी पेरली जाई. माशीसाठी एकानंही एक दाणा पेरला नव्हता. पण पौष-माघात, बाकीची फुलं पांगलेली असताना, गावाभोवतीच्या हरेक शेताच्या कडेनं पिवळ्या-केशरी फुलांचे पट्टे उभे असत आणि दुपारी त्यातनं चालताना कानात घुमायचं. त्या पट्ट्यांवर वसाहती वाढायच्या, पळस-कडुनिंबावर भरायच्या आणि पावसाळ्यात शिदोरी घेऊन शिरायच्या. वाड्याच्या भिंतीतली सातेरी कुणाच्या मदतीशिवाय कशी टिकली होती, याचं मला सापडलेलं उत्तर हे. मी तिला पेटीत घातली, मधाचा हव्यास धरून वैशाखात चौकटी फिरवून घेतल्या आणि आषाढाच्या तोंडावर तिला उपाशी सोडली. गोणपाट मात्र मायेनं गुंडाळलं होतं.

१९८९ च्या उन्हाळी सुट्टीत मी उदगीरहून एसटी धरली आणि बदलत बदलत महाबळेश्वरला गेलो. मुंबई सरकारनं १९४६ साली तिथं मधमाशीपालनाचं काम सुरू केलं. तेच आजचं मध संचालनालय. त्याच्या मागची वाट आणखी जुनी आहे. तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटननं १९११ च्या सुमारास आपल्या लहान चणीच्या माशीला बेताची पेटी बेतली, ती दक्षिणेत पसरली. १९३४ च्या डिसेंबरात गांधीजींनी वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला, कुमारप्पांनी तो चालवला, आणि घाणी-कागदाच्या जोडीला मधमाशी ग्रामोद्योगांत आली. पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था निघाली ती १९६२ ची. हे सगळं आमच्यापासनं लांब. आमच्या पठारापर्यंत त्याचा आवाज क्षीण पोचायचा, आणि मध्ये राज्याची हद्दही होतीच.

तिथं एका डोंगरातल्या गावात म्हातारे मधपाळ भेटले. जांभूळ, हिरडा, पिसा यांची नावं ते घरच्या माणसांसारखी घेत. कारवीचा मध सात-आठ वर्षांतनं एकदा येतो, म्हणजे कारवी फुलते तेव्हा. मी माझी गोणपाटाची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता. म्हणाले, "गुरुजी, आमचा हिवाळा जूनला लागतो." वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, आमच्याकडं त्याचा सहावा-सातवा हिस्सा. त्यांनी पेट्यांवरचं गवताचं छप्पर दाखवलं, पेट्यांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या दाखवल्या, मुंगळ्यांसाठी. खालच्या कोठीतला, म्हणजे पिलांच्या घरातला मध ते कधीच काढत नव्हते. वरच्या कोठीतलाच काढायचा, आणि तोही शेवटच्या खेपेला थोडा मागं ठेवून. वरनं साखरेचा पाक, जेवढी साखर तेवढं पाणी, आणि तो तिन्हीसांजेलाच द्यायचा. दिवसा दिला तर वास जातो, दुसऱ्या पेटीतल्या माशा लुटायला येतात आणि पाकापायी वसाहत मरते. रिकाम्या चौकटी काढून घ्यायच्या, घर लहान करायचं, म्हणजे राखायला सोपं आणि मेणकिड्याला जागा नाही. याच भागातलं मांघर २०२२ च्या मेमध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. वर्तमानपत्रात फोटो बघताना मी त्यात छप्पर घातलेली पेटी शोधत होतो.

परत आल्यावर पेट्यांत पुन्हा सातेरी आणून घातली, ती दोन पावसाळे टिकली. त्या वेळी आमच्याकडं सूर्यफुलाचा जोर होता. 'मॉर्डन' नावाचं बुटकं वाण सगळ्यांच्या तोंडी होतं. सूर्यफुलाला माशी नसेल तर फुलाच्या मधले दाणे पोचट राहतात. शेतीखात्याची माणसं सांगत, सकाळी हाताला मऊ फडकं गुंडाळून एकेका फुलावरनं फिरवा, दिवसाआड. लोक फिरवतही होते. काट्याच्या करडीला फडकं गुंडाळणारे हात आता माशीचं काम करत होते. गोणपाटाला हसलेला तो शेजारी एके सकाळी येऊन म्हणाला, "गुरजी, ती पेटी आमच्या बांधावर ठिवा की." मास्तरकीत मिळालेल्या मानपत्रांपेक्षा मला ते वाक्य जास्त लक्षात आहे.

मग १९९१-९२. थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू दक्षिणेत पसरला. अळी कोषात जायच्या ऐवजी पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी होते, टाचणीनं उचलली तर लोंबते. केरळ, कर्नाटक, तमिळनाडूत सातेरीच्या बहुतेक वसाहती गेल्या. माझ्याही. औषध नव्हतं. पेट्या मी माळ्यावर टाकल्या आणि त्यात बायकोनं कांदे साठवले.

त्यानंतरची वर्षं भरभर सांगतो, कारण ती तशीच गेली. १९९४ नंतर बाहेरचं खाद्यतेल मोकळेपणानं येऊ लागलं, पामतेल स्वस्त झालं आणि करडी घेऊन घाण्यावर कोण जाणार? काढणीला बाया मिळेनात. मजुरी देऊनही काट्यात हात घालायला कुणी तयार नाही. सूर्यफुलावर रोग आला. सोयाबीन आलं आणि आमचा जिल्हा बघता बघता कर्नाटकातला सोयाबीनचा पहिला जिल्हा झाला. त्याचं फूल आपलं आपल्याशीच फळतं, माशीची वाट बघत नाही आणि तिला फारसं देतही नाही. देशात कित्येक लाख हेक्टरांवर असलेली करडी लाखाच्या आत आली. तुरीवर अळीसाठी फवारणी वाढली, तीही नेमकी फुलात असताना. त्याआधी कलबुर्गीकडं तूर झाडायची रीत होती. दोघांनी ओळींमध्ये चादर ताणून धरायची, तिसऱ्यानं झाड गदगदा हलवायचं, अळ्या चादरीवर पडायच्या, कोंबड्यांना मेजवानी. मोहोळही झाडायचं आणि तूरही झाडायची, आमच्या भाषेत क्रियापद एकच होतं. पुढं एंडोसल्फान आलं. २०११ मध्ये बंदी येईपर्यंत गावोगावच्या दुकानांत ते मिळायचं. त्या काळात वडावरचं मोहोळ दोन हिवाळे आलं नाही.

निवृत्तीनंतर पेट्या पुन्हा खाली उतरवल्या, कांद्याचा वास जायला पाऊसभर उन्हापावसात ठेवल्या. सातेरी पुन्हा भिंतींत दिसू लागली होती. रोगातनं तगलेल्यांची औलाद असावी. पावसाळ्यात पाक देतो. परागाला पर्याय म्हणून तेल काढलेलं सोयाबीनचं पीठ साखरेत मळून लहानसा गोळा चौकटींवर ठेवतो. ज्या पिकानं त्यांची शिदोरी खाल्ली त्याचंच पीठ त्या निमूट खातात. माझी काय त्याला हरकत?

पण पाकावर माशी जगते, वाढत नाही. म्हणून करडी. मुलगा म्हणाला, काटा कशाला, फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्याची काढलीय, नारी-६. आणली. फूल सुरेख, पाकळ्या वेचायला सोप्या, माशा तुटून पडल्या. आणि तिसऱ्या रात्री हरणांनी निम्मे तास साफ केले. आमच्या माळावर काळविटांचे कळप आहेत, काटा नाही म्हटल्यावर त्यांना सोडायला काय झालं? आजोबा करडी कशाला पेरत होते ते मला हरणांनी पुन्हा शिकवलं. पुढच्या वर्षी काट्याचं बी शोधत फिरलो. दुकानात नव्हतं. अखेर एका म्हातारीकडं सापडलं, गाडग्यात, राखेत घालून ठेवलेलं. पैसे घेईना. म्हणाली, "भाजीपुरतं पेरते मी. तुमी न्या, खरं काढायला मला बोलवू नगा."

गेल्या येळवशीला शाळूत दोन तास करडी उभी होती, कळीवर, खालच्या एक-दोन फुलांना पिवळं फुटलेलं. पांडव पूजून झाले, भज्जी झाली, सगळे कोपीच्या सावलीत लवंडले. नातवानं विचारलं, यांना गोणपाट नाही बांधायचं? घरात ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मी पेटीच्या मागं गेलो आणि एका हातानं तळाकडनं तिला हलकेच उचलून अंदाज घेतला. फार जड नाही, हलकीही नाही. मधल्या वजनाची.